चेहऱ्यावरील त्वचेचा कर्करोग : कागदावरचा कोड कसा वाचावा?

चेहऱ्यावरची एखादी जखम महिनाभर औषध लावूनही भरत नसेल, खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल किंवा एखादा काळा तीळ वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधे निघते. काही वेळा मात्र तो त्वचेचा कर्करोग असतो. लवकर निदान झाल्यास तो बहुधा शस्त्रक्रियेने बरा होतो. तीळ समजून चुना-सोडा लावून जाळू नका. त्यामुळे तपासणीसाठी लागणारा भागच नष्ट होतो आणि आजार आत वाढत राहतो.

रायपूरमध्ये उपचार घेणाऱ्या लाभार्थ्यांनी आपल्या कागदांवरचे कोड कसे समजून घ्यावेत, याची माहिती येथे दिली आहे.

कर्करोगाचे मुख्य प्रकार

• बेसल सेल कार्सिनोमा : हा बहुतेकदा नाक, गाल व पापणीच्या आसपास होतो. आपल्या सावळ्या त्वचेवर तो अनेकदा काळसर दिसतो, म्हणून तीळ वाटतो. शरीरात इतरत्र तो क्वचितच पसरतो, पण उपचार न केल्यास नाक किंवा पापणी पोखरतो.

• स्क्वॅमस सेल कार्सिनोमा : वर्षानुवर्षे उन्हात काम करणाऱ्यांना, तसेच भाजल्याच्या जुन्या व्रणावर हा होऊ शकतो. तो मानेतील गाठींपर्यंत पसरू शकतो.

• मेलानोमा : हा आपल्याकडे कमी आढळतो, पण वेगाने पसरतो. यात उशीर अजिबात करू नये.

आजाराचा कोड

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक आजाराला एक अक्षर व अंक दिले आहेत. कागदावर हे अक्षर इंग्रजीत छापलेले असते.

• सी ४४.० : ओठाची त्वचा
• सी ४४.१ : पापणी
• सी ४४.२ : कान
• सी ४४.३ : चेहऱ्याचा इतर भाग, जसे नाक, गाल, कपाळ
• सी ४४.४ : डोक्याची त्वचा व मान
• सी ४३.३ : चेहऱ्याच्या याच इतर भागावरील मेलानोमा
• डी ०४.३ : चेहऱ्याच्या त्वचेच्या वरच्या थरातच असलेला, खोल न गेलेला कर्करोग
• डी २२.३ : चेहऱ्यावरील साधा तीळ; हा कर्करोग नाही

बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे दोन्ही प्रकार सी ४४ मध्येच येतात. त्यामुळे केवळ कोडवरून प्रकार कळत नाही. तो बायोप्सीच्या अहवालात लिहिलेला असतो. ओठाच्या लाल भागाचा कर्करोग सी ०० मध्ये येतो. तोंडाच्या आतील कर्करोगाचे कोडही वेगळे आहेत.

पॅकेजचा कोड

आजाराचा कोड तुम्हाला काय झाले आहे ते सांगतो. पॅकेजचा कोड योजनेतून कोणता उपचार मंजूर करायचा ते सांगतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांची पॅकेजेस वेगवेगळी असतात. रुग्णालय पूर्वपरवानगी मागते तेव्हा बायोप्सीचा अहवाल, आजाराचा कोड आणि पॅकेज एकमेकांशी जुळावे लागतात. अहवालात पापणी आणि अर्जात गाल, अशी तफावत असेल तर शंका काढली जाऊ शकते आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाऊ शकते.

तुम्ही काय तपासावे?

१. नाव व वय आयुष्मान कार्डाप्रमाणेच आहे का?
२. सर्व कागदांवर आजाराची जागा आणि बाजू (डावी किंवा उजवी) एकच आहे का?
३. बायोप्सीच्या अहवालाची प्रत तुमच्याकडे आहे का? ती मागून घ्या व जपून ठेवा.
४. डॉक्टरांनी सांगितलेला उपचारच पूर्वपरवानगीत मागितला आहे का? हे आरोग्य मित्रांना विचारा.

चूक दिसल्यास स्वतः खाडाखोड करू नका. डॉक्टरांना किंवा आरोग्य मित्रांना दाखवून दुरुस्ती करून घ्या.

योजनेतून काय मिळते?

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि सुटी झाल्यानंतरचे १५ दिवस यांचा संबंधित खर्चही पॅकेजमध्ये धरलेला असतो. दाखल न होता केलेल्या बाह्यरुग्ण तपासण्या साधारणपणे यात येत नाहीत. म्हणून बायोप्सीपूर्वीच खर्चाबाबत विचारून घ्या. हे कार्ड राज्याबाहेरही चालते. त्यामुळे गोंदिया किंवा गडचिरोलीच्या पात्र रुग्णालाही रायपूरच्या सूचीबद्ध रुग्णालयात उपचार घेता येतात.

रायपूरमध्ये टाटीबंध येथील एम्स आणि डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालय (मेकाहारा) येथे कर्करोगावर उपचार होतात. जाताना आयुष्मान कार्ड, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जुने सर्व अहवाल सोबत ठेवा. अडचण आल्यास किंवा सूचीबद्ध रुग्णालयाने योजनेतील उपचारासाठी पैसे मागितल्यास १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा.

कागदावर सी हे अक्षर दिसले म्हणून घाबरून उपचार सोडू नका. त्या कोडच्या आधारेच तुमच्या उपचाराला मंजुरी मिळते.