नोंदवही गावात, बाळंतीण फडावर

बीड तालुक्यातला नारायणगड म्हणजे मराठवाड्याची धाकटी पंढरी. नगद नारायण महाराजांच्या या गडाभोवतीची गावे वारी मनोभावे सांभाळतात. पण या मुलखातल्या असंख्य घरांचे वर्ष साखर कारखान्याच्या बॉयलरवर ठरते. दसरा उरकला की ट्रक-ट्रॅक्टर लागतात आणि मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतो. सातवा महिना लागलेल्या बाया, ओल्या बाळंतिणी, अंगावर पिणारी पोरे, सगळी त्याच गाडीत. माता-बालकांच्या शुश्रूषेचा आढावा बीड जिल्ह्यातून घ्यायचा, तर तो या गाडीपासूनच घ्यायला हवा.

आधी जमेची बाजू. 2018-20 च्या पाहणीत महाराष्ट्रातला मातामृत्यूचा दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. 2020 मध्ये राज्याचा अर्भकमृत्युदर हजारी 16 वर आला. यामागे डॉक्टर आहेतच. पण उपकेंद्रातल्या नर्सबाई आणि 2005 नंतर गावोगाव उभ्या राहिलेल्या आशाताई यांचे श्रम त्याहून मोठे आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत झाले, 2014 पासून 108 ची गाडी धावू लागली, तरी बाईला त्या गाडीपर्यंत वेळेत आणणारी हीच माणसे.

बायांनीच घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याची ही वाट महाराष्ट्रात फार आधीपासून तुडवली गेली आहे. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी विधवा-परित्यक्तांना परिचारिका आणि सुईण होण्याचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हा परक्या घरी जाऊन रुग्णसेवा करणे कमीपणाचे समजले जाई. पुढे 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. जामखेड म्हणजे बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागूनच. तसाच दुष्काळी, तसाच ऊसतोडीला जाणारा मुलूख. त्यांनी गावातल्याच बायांना, त्यातही दलित आणि निरक्षर बायांना, आरोग्यसेविका केले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये तिथल्या गावांत हजारी 176 तान्ही मुले दगावत. पंचवीस वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवले. तुलनेच्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. आशाताईंच्या आजच्या गृहभेटी त्याच कामातून आल्या.

अशी एक भेट जवळून पाहावी. बाळ तिसऱ्या दिवसाचे. आशाताई आधी साबणाने हात धुते, ते वाळू देते. थर्मामीटर बाळाच्या काखेत धरते. मग छाती उघडी करून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत नाही, कारण तान्ह्याचा श्वास कमी-जास्त होतो. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि पुन्हा तेच आले तर थेट दवाखाना. नाळेला तेल-हळद काही लावलेले नाही ना, बाळ नीट ओढते का, बाळंतिणीला ताप किंवा जास्तीचा रक्तस्राव आहे का, हे बघते. वजन झोळीच्या काट्यावर. बाळ कमी वजनाचे असेल तर आईच्या उघड्या छातीशी धरायला शिकवते. आजी शेगडी आणते, तेव्हा तिला न दुखवता सांगावे लागते की ऊब हवी, पण धूर नको. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या बाईकडे अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

या भेटी बाई गावात असेल तरच होतात.

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, तेव्हाही सासरच्या आशाताईच्या वहीत ती असते आणि असते दुसऱ्याच गावी. पण माहेरी निदान दुसरी आशाताई असते, आई असते. फडावर कोण आहे? पाचटाची किंवा प्लास्टिकच्या कागदाची कोपी, थंडीची रात्र, पहाटेच्या अंधारात तोडणी, नंतर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरणे. एक दिवस घरी बसले तर खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. बाळ बांधावर झोळीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी नेमक्या याच हंगामात येतात.

अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, हे दुखणे तिथे विचारायलाही कुणी नसते. ते अंगावर काढत शेवटी ‘पिशवी काढण्या’पर्यंत जाते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी आली; त्यात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. माझ्या मते शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी एखाद्या नर्सबाईने नीट विचारपूस केली असती, तर त्यातल्या अनेक टळल्या असत्या.

म्हणून नवी इमारत किंवा नवी योजना यापेक्षा सेवा बाईच्या मागे चालत जाणे अधिक गरजेचे आहे. गाव सोडताना गरोदर आणि स्तनदा मातांची यादी कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी. तिथल्या नर्सबाईने फडावरची बाई आपल्याच वहीत धरावी. तपासणीच्या दिवसाचा खाडा मुकादमाने लावू नये, आणि ती हमी कारखान्याने घ्यावी.

तुमच्यापैकी कुणी कारखान्याचे संचालक असाल, सभासद असाल, किंवा तुमच्याच शेतात यंदा टोळी उतरणार असेल, तर कोपीत बाळंतीण आहे का, एवढे विचारा. असेल तर जवळच्या आशाताईला त्याच दिवशी कळवा, आणि माता-बाल कार्ड बरोबर आणले आहे का, तेही बघा.