बीदर शोधा, बंदर सापडेल!

भालकीच्या एखाद्या वर्गात बाईंनी सांगितलं, "जिल्ह्याचं नाव लिहा," तर कुणी बीदर लिहील, कुणी बिदर. बाईंना दोन्ही कळतात. कंप्युटरला मात्र ही दोन वेगळीच गावं वाटतात! शेजारच्या जिल्ह्याची तर आणखी गंमत. १ नोव्हेंबर २०१४ ला गुलबर्ग्याचं नाव कलबुर्गी झालं, पण कितीतरी आज्या अजून "गुलबर्ग्याला जाऊन येते" असंच म्हणतात. आणि कलबुरगी लिहिणारेही आहेतच.

डेटाबेस म्हणजे कंप्युटरातली रकान्यांची भलीमोठी वही. तिला प्रश्न विचारायची भाषा एसक्यूएल. ती १९७४ साली आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी मांडली. तिच्यातला 'लाइक' हा शब्द माझा फार लाडका, कारण तो अर्धवट आठवणाऱ्यालाही मदत करतो.

लाइकपुढे टक्क्याचं चिन्ह आलं की समजायचं, इथं काहीही चालेल, अगदी काही नसलं तरी. '%बाद' लिहा, हुमनाबाद आणि हैदराबाद दोन्ही हजर! औराद नाही येणार, त्यात ब कुठाय? आणि '%लब%ग%' लिहिलंत तर गुलबर्गा, कलबुर्गी, कलबुरगी तिन्ही एका जाळ्यात. पडताळून बघा, तिन्हींत ल-ब शेजारी आहेत आणि पुढे कुठेतरी ग आहे.

दुसरं चिन्ह खालची आडवी रेघ, '_'. तिथं नेमकं एकच अक्षर बसतं. मी एका शब्दयादीत 'ब_दर' शोधलं. वाटलं, काही मिळणार नाही. बी, द, र अशी तीनच तर अक्षरं, मग मधे जागा कुठली? पण बीदर आलं, बिदर आलं, वर बंदरही आलं!

कारण बहुतेक डेटाबेस वेलांटी सुटी मोजतात. ब, मग वेलांटी, मग द, मग र, असे चार तुकडे. रेघेनं वेलांटीच गिळली, आणि बंदरातला अनुस्वारही. आणि हे तर मला फारच आवडलं: 'बि'मधली पहिली वेलांटी पडद्यावर ब च्या आधी दिसते, पण कंप्युटरात साठते ब च्या नंतर, आपण बोलतो त्याच क्रमानं.

जोडाक्षरात पाय मोडायची खूणही सुटीच असते. म्हणून कलबुर्गीचे आठ तुकडे होतात. बसवकल्याणचे मोजा बरं. माझे नऊ आले.