शातोनफ-द्यु-पाप चाखताना

दक्षिण फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात, आविन्यों शहराजवळ ही भारदस्त लाल वाइन तयार होते. नियमाने तिच्यात १३ जातींची द्राक्षं चालतात. रंगभेद वेगळे मोजले तर १८. बहुतेक बाटल्यांचा कणा मात्र ग्रनाश. तिच्यामुळे पिकल्या फळांची चव आणि मद्यार्क येतो, सिरा गडद रंग व मिरीचा झणका देते, तर मूर्वेद्र तुरटपणा. मद्यार्क किमान १२.५ टक्के हवा. प्रत्यक्षात तो अनेकदा १४ च्याही वर असतो. म्हणूनच तापमान महत्त्वाचं: १६ ते १८ अंश. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली तशीच उघडली तर आधी मद्यार्काचाच भपका नाकात शिरतो आणि सगळा सुगंध वाया जातो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच ओता.