रोजच सेल असेल, तर सव्वीस डिसेंबर कशाला?

शिकागोच्या वायव्येला, शॉमबर्ग आणि आसपासच्या गावांत स्थिरावलेल्या मराठी घरांची एक जुनी सवय होती. दिवाळीच्या विजेच्या माळा दिवाळीत घ्यायच्या नाहीत. त्या घ्यायच्या २६ डिसेंबरला. ख्रिसमस आदल्या दिवशी उरकलेला असे, दुकानदाराला तोरणं आणि माळा पुढच्या वर्षीपर्यंत सांभाळायच्या नसत, आणि सकाळी दार उघडताच त्यांच्यावर अर्ध्या किमतीची चिठ्ठी लागलेली असे. दहा डॉलरची माळ पाच डॉलरला मिळायची. ती गॅरेजमधल्या खोक्यात दहा महिने पडून राहायची आणि आश्विन संपत आला की बाहेर निघायची. खोक्यावरची पिवळी चिठ्ठी कधीच नीट निघत नसे. मूळ किमतीवर काट मारलेली, खाली मार्करने लिहिलेला नवा आकडा, आणि वर चार दिवाळ्यांची धूळ.

माळांबरोबर भेटवस्तू गुंडाळायचा कागदही घेतला जाई. लाल-हिरवा असला तरी वाढदिवसाला चालून जाई. सोनेरी मिळाला तर लग्नाच्या आहेरालाही. शिवाय उन्हाळ्यातली भारतवारी डोळ्यांसमोर असायची. भाच्यांसाठी टी-शर्ट, मावशीसाठी टॉवेलचा संच, शेजाऱ्यांसाठी परफ्यूमच्या बाटल्या. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा जूनमध्ये भरायच्या असल्या, तरी त्यांची खरेदी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होत असे. त्या सकाळी थंडीत उठून, थर्मासमध्ये चहा भरून मॉल गाठणं हा घरातल्या सगळ्यांचा कार्यक्रम असे.

ही सवय आता सुटत चालली आहे. २६ डिसेंबरला शॉमबर्गच्या वुडफील्ड मॉलमध्ये गाडी लावायला आजही जागा शोधावी लागते. पण पूर्वी लोक सवलतीच्या मालासाठी धावत. आता ते प्रामुख्याने नको असलेली भेट परत करायला, गिफ्ट कार्ड वापरायला, काहीतरी खायला आणि सुट्टीवर घरी आलेल्या मुलांना फिरवायला येतात. सणानंतरच्या सेलची पूर्वीची ओढ ओसरली आहे, आणि त्याची कारणं गिऱ्हाइकाच्या आळसापेक्षा दुकानदाराच्या हिशेबात जास्त सापडतात.

सण झाल्यावर किंमत पाडण्यामागे सरळ गणित होतं. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या दुकानांचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपत नाही. ते जानेवारीच्या अखेरीस संपतं. ख्रिसमसची सगळी विक्री एकाच वर्षात यावी आणि तिच्या मागोमाग येणारी परतीची रांगही त्याच हिशेबात बसावी, म्हणून ही सोय. वर्ष बंद करताना गोदामातला माल मोजावा लागतो. लाल स्वेटर, सांताक्लॉजचे मोजे, हिरव्या रिबिनी हा माल तेव्हा शिल्लक दिसला तर तो नुसता अडकलेला पैसा. म्हणून पाच आठवड्यांत तो कोणत्याही भावाने काढायचा. जानेवारीच्या सेलला तर याहून जुना इतिहास आहे. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकर यांनी १८७८ साली, जानेवारीत गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून चादरी, अभ्रे, टॉवेल स्वस्तात विकायला काढले. तेव्हा हे कपडे पांढरेच असत, म्हणून त्याला ‘व्हाइट सेल’ नाव पडलं. चादरी रंगीबेरंगी झाल्या तरी ते नाव टिकलं.

अशा सेलसाठी शॉमबर्गइतकं योग्य गाव शोधून सापडणार नाही. जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं हे खेडं १९५६ साली अधिकृत गाव झालं तेव्हा लोकसंख्या होती १३०. आज ती पाऊण लाखाच्या पुढे आहे, तरी कागदोपत्री ते ‘व्हिलेज’च आहे. मधल्या काळातली सर्वांत मोठी घटना म्हणजे ९ सप्टेंबर १९७१ रोजी उघडलेला वुडफील्ड मॉल. सिअर्सचे जनरल रॉबर्ट वुड आणि शिकागोचे प्रसिद्ध व्यापारी मार्शल फील्ड या दोघांच्या आडनावांतून मॉलचं नाव तयार झालं. ज्या मातीत मका उगवत होता तिथे सिअर्स, मार्शल फील्ड्स आणि जेसी पेनी अशी तीन अवाढव्य दुकानं उभी राहिली.

या मॉलवर गाव पोसलं गेलं, हे शब्दशः खरं आहे. इलिनॉय राज्यात विक्रीकराचा मूळ दर सव्वासहा टक्के. त्यातला एक टक्का ज्या गावात विक्री झाली त्या गावाच्या तिजोरीत जातो, आणि गाव स्वतःचाही थोडा कर वर लावू शकतं. आसपासच्या पन्नास गावांतले लोक शॉमबर्गमध्ये येऊन खरेदी करत, आणि शॉमबर्गचे रहिवासी वर्षानुवर्षं गावाचा वेगळा मालमत्ता कर न भरता रस्ते, पोलीस, अग्निशमन अशा सगळ्या सोयी वापरत. २००९ च्या मंदीत विक्रीकर आटला, तेव्हा कुठे ग्रामसभेला आपला पहिला मालमत्ता कर लावावा लागला. एखाद्या कुटुंबाने टॉवेल कुठल्या दुकानातून घेतला, यावर इथे रस्त्यावरचा बर्फ कोणाच्या पैशाने उचलला जाणार हे ठरत होतं.

मग २६ डिसेंबरची ओढ गेली कुठे? पहिलं उत्तर असं, की ती कॅलेंडरवर आधीच्या तारखांकडे सरकली. थँक्सगिव्हिंगनंतरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आधीपासून होताच. २००५ साली व्यापाऱ्यांच्या संघटनेने त्यापुढच्या सोमवारला ‘सायबर मंडे’ नाव दिलं. पुढे दुकानं थँक्सगिव्हिंगच्या रात्रीच उघडू लागली. नोकरांना सणाचं जेवण अर्धवट सोडून यावं लागे, आणि त्यावरून बराच रोष झाला. २०२० च्या साथीत मोठ्या दुकानांनी ती प्रथा बंद केली. पण सवलती पुन्हा डिसेंबरकडे गेल्या नाहीत, उलट आणखी आधी येऊ लागल्या. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये जुलैचा ‘प्राइम डे’ सुरू केला, २०२२ पासून ऑक्टोबरातही दुसरा आणला, आणि इतर दुकानदारांना त्याच्याबरोबर धावणं भाग पडलं. अ‍ॅडोबीच्या नोंदींनुसार २०२४ च्या सायबर मंडेला एका दिवसात अमेरिकन लोकांनी ऑनलाइन १३.३ अब्ज डॉलरची खरेदी केली. डिसेंबर उजाडतानाच खिसा इतका रिकामा झाला, की नाताळानंतर कशासाठी रांग लावायची? मराठी घरांपुरतं बोलायचं तर मावशीचा टॉवेल आता ऑक्टोबरातच घरपोच येतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ काढला तेव्हा दुकानांची दारं बंद करावी लागतील इतकी गर्दी झाली. २०१४ च्या ऑक्टोबरात फ्लिपकार्टचा ‘बिग बिलियन डे’ आला. त्यानंतर दसरा-दिवाळीचा सेल पितृपक्ष संपायच्या आत मोबाइलवर दिसू लागला, आणि दिवाळी झाल्यावर उरलेला माल स्वस्तात घ्यायला बाजारात जायचं कारण उरलं नाही.

सवलत बारा महिने चालली की मूळ किमतीवरचा विश्वास उडतो. या संदर्भात वुडफील्डच्याच एका जुन्या भाडेकरूची, जेसी पेनीची गोष्ट सांगायलाच हवी. २०११ च्या अखेरीस अ‍ॅपलच्या दुकानांची उभारणी केलेले रॉन जॉन्सन या कंपनीचे प्रमुख झाले. त्यांना कळलं, की कंपनी वर्षभरात ५९० वेगवेगळे सेल लावते, आणि तिचा बहुतेक माल अर्ध्या किंवा त्याहून कमी किमतीला जातो. छापील पूर्ण किमतीला जवळपास कोणी घेतच नाही. म्हणजे छापील किंमत ही नंतर खोडण्यासाठीच लिहिलेली होती. २०१२ च्या सुरुवातीला जॉन्सन यांनी कूपन आणि सेल बंद केले आणि पहिल्या दिवसापासूनच योग्य किंमत लावली. चाळीस डॉलरचा शर्ट ‘आज फक्त वीस’ म्हणण्याऐवजी सरळ वीसची चिठ्ठी. पैसे तेवढेच, फसवाफसवी नाही.

गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. एका वर्षात विक्री १७.३ अब्ज डॉलरवरून १३ अब्जांवर आली, ९८ कोटी ५० लाख डॉलरचा तोटा झाला, आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं. कंपनीने जाहिरात देऊन ग्राहकांची माफी मागितली, आणि खोडलेल्या किमती परतल्या. या प्रसंगाचा अर्थ ग्राहक मूर्ख असतो असा काढला जातो, तो अन्यायाचा आहे. तुळशीबागेत पाचशे सांगितलेली पर्स अडीचशेला घेणाऱ्या बाईला पाचशे हा आकडा खरा नाही हे पक्कं ठाऊक असतं. तिला हवी असते घासाघीस, म्हणजे आपण शहाणपणाने खरेदी केली याची खात्री. सेलची चिठ्ठी ही अमेरिकेतली बिनबोलीची घासाघीस होती. फरक इतकाच, की तुळशीबागेत दोघं समोरासमोर असतात. इथे दोन्ही आकडे दुकानदारच लिहीत होता. २०१५ मध्ये याच कंपनीने कॅलिफोर्नियातला खोट्या ‘मूळ’ किमतींचा एक दावा पाच कोटी डॉलरला मिटवला.

आता त्या चिठ्ठीची जादू फोनने घालवली. एखाद्या वस्तूची किंमत गेल्या सहा महिन्यांत कितीवर गेली आणि कितीवर आली, हे काही सेकंदांत दिसतं. पॅनवर ‘पन्नास टक्के सूट’ वाचणारी पन्नाशीतली मराठी गृहिणी दुकानातच उभी राहून तीच पॅन दुसरीकडे कितीला आहे ते बघते. सूट ऑगस्टपेक्षा जास्त नाही असं दिसलं, की पॅन परत मांडणीवर.

दुसरीकडे, खरा शिल्लक मालही कमी उरतो. कोणत्या दुकानात कोणत्या मापाचे किती कोट लागतील याचा अंदाज संगणक बांधतो. चुकला, तरी दुरुस्तीसाठी ख्रिसमसची वाट पाहिली जात नाही. साथीनंतर टार्गेटकडे नको तेवढा माल साठला तेव्हा कंपनीने जून २०२२ मध्येच तो सवलतीत काढणार असल्याचं जाहीर केलं. उरलंसुरलं टीजे मॅक्स आणि मार्शल्ससारख्या वर्षभर स्वस्त विकणाऱ्या दुकानांकडे जातं.

२६ डिसेंबरचा दिवस मग परतीच्या काउंटरला मिळाला. २०२४ मध्ये अमेरिकेत ८९० अब्ज डॉलरचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या जवळपास सतरा टक्के माल परत येईल असा राष्ट्रीय व्यापारी संघटनेचा अंदाज होता. हा खर्च दुकानांना इतका जड झाला आहे, की काही कंपन्या टपालाने परत केलेल्या कपड्यांवर शुल्क घेऊ लागल्या आहेत. म्हणून लोक वस्तू घेऊन स्वतः येतात. गिफ्ट कार्डाचा हिशेबही इथेच जमतो: कार्ड विकलं तेव्हा दुकानदाराच्या वहीत ती विक्री धरली जात नाही, कार्ड वापरलं की धरली जाते. जानेवारीतली बरीच विक्री आता या कार्डांवर चालते, आणि कार्ड घेऊन आलेल्या माणसाला सवलतीची घाई नसते. भेटीचे पैसे असल्याने तो हवं ते, पूर्ण किमतीलाही घेतो.

थंडीही लक्षात घ्यायला हवी. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा दिवशी माळेवरचे पाच डॉलर वाचवायला कोण बाहेर पडेल? घरात बसून बटण दाबायची सोय नव्हती, तेव्हाच लोक असे बाहेर पडत होते.

बटण दाबल्यावर पैसा कुठे जातो, हे शॉमबर्गच्या दृष्टीने महत्त्वाचं. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बाहेरून माल पाठवणाऱ्या विक्रेत्यांना ग्राहकाच्या पत्त्यानुसार स्थानिक विक्रीकर गोळा करावा लागतो. नेपरव्हिलच्या कुटुंबाने वुडफील्डमध्ये येऊन कोट घेतला, तर कर शॉमबर्गला; तोच कोट घरी मागवला, तर कर नेपरव्हिलला. कायदा न्याय्यच आहे. पण ज्या गावाने शेजाऱ्यांच्या खरेदीवर अर्धशतक संसार केला, त्याच्या पायाखालची वीट त्याने हलली.

गावाने हात टेकलेले नाहीत. मॉलशेजारी २००८ साली उत्तर अमेरिकेतलं पहिलं लेगोलँड डिस्कव्हरी सेंटर आलं. खाण्यापिण्याची ठिकाणं वाढली आहेत. वुडफील्ड आजही देशातल्या मोठ्या मॉलमध्ये गणला जातो. पण शेजारच्या ब्लूमिंगडेलमधला, १९८१ साली उघडलेला स्ट्रॅटफर्ड स्क्वेअर मॉल एप्रिल २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. खुद्द वुडफील्डमधलं सिअर्स हे इलिनॉयमधलं शेवटचं सिअर्स होतं. ते १४ नोव्हेंबर २०२१ ला मिटलं. शटर पडण्याआधी तिथे जो सेल लागला त्यात कपड्यांबरोबर मांडण्या, आरसे आणि पुतळेही विकायला ठेवलेले होते. मॉलच्या नावातला ‘वुड’ ज्या कंपनीचा, ती कंपनीच त्यात राहिली नाही. मार्शल फील्ड्सचं नाव त्याआधीच, ९ सप्टेंबर २००६ ला, मेसीजखाली गेलं होतं. मॉल उघडल्याला त्या दिवशी बरोबर पस्तीस वर्षं झाली होती.

आता २६ डिसेंबरच्या दुपारी मेसीजच्या काउंटरपुढची रांग हळूहळू सरकते. हातात पावती, पिशवीत अंगाला न बसलेला स्वेटर. पुढची बाई पिशवीतला एकेक कपडा बाहेर काढते, मागच्या मुलीचं लक्ष फोनमध्ये आहे. रांगेतल्या मराठी जोडप्याला परतीचं काम आटोपून रोझेल रस्त्याने घरी जायचं आहे, वाटेत मेथी आणि कढीपत्ता घ्यायचा आहे. बाजूच्या टेबलावर ख्रिसमसच्या झाडाला लावायच्या काचेच्या गोळ्यांचे डबे अर्ध्या किमतीला मांडले आहेत. जोडप्यातल्या बायकोने एक उचलून पाहिला, तळाशी किती गोळ्या आहेत ते मोजलं, आणि म्हणाली, “अहो, आपल्याकडे दिवाळीच्या माळांचं एक खोकं अजून उघडलेलंच नाहीये.” डबा तिने परत टेबलावर ठेवला, आणि काउंटरवरच्या मुलीने पुढचा नंबर पुकारला.