पाचपैकी किती?

लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून फिरतात आणि विचारतात, "जेवण कसं झालं?" उत्तर ठरलेले असते, "उत्तम!" भाजीत मीठ जास्त पडले असले तरी यजमानाच्या तोंडावर ते कोणी सांगत नाही. खरा अभिप्राय पंगत उठल्यावर कळतो. कोणत्या पानात काय उरले, हे वाढपी बरोबर सांगतात.

आता आपली मंडळे, वाचनालये, वधू-वर सूचक केंद्रे स्वतःची संकेतस्थळे चालवतात. तिथेही हाच प्रश्न विचारला जातो, फक्त रूप वेगळे असते : ‘आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?’ पाहायला सोपे वाटते. पण या ताऱ्यांवर कोणाचे तरी पोट अवलंबून असते. घरी मांडे करून लग्नकार्याला पुरवणाऱ्या एखाद्या गृहिणीला सुरुवातीलाच एक तारा मिळाला, तर पुढची मागणी येताना लोक दहादा विचार करतात. म्हणून मत कसे विचारावे आणि कसे मोजावे, हा केवळ संगणकवाल्यांचा विषय नाही. तो तुमचा आमचाही आहे.

सगळेच पाच, नाहीतर एक

यूट्यूबवर पूर्वी प्रत्येक चित्रफितीला एक ते पाच तारे देण्याची सोय होती. 2009 मध्ये कंपनीनेच जाहीर केले की, बहुतेक सगळे लोक पाचच तारे देतात. त्याखालोखाल एक तारा आणि मधले तारे जवळजवळ ओसाड. अखेर 2010 मध्ये तारे गेले आणि ‘आवडले’, ‘नावडले’ असे दोन अंगठे आले. नेटफ्लिक्सनेही 2017 मध्ये ताऱ्यांऐवजी अंगठे आणले आणि 2022 मध्ये ‘फारच आवडले’ यासाठी दोन अंगठ्यांची भर घातली.

असे का होते? कारण सरळ आहे. जो फार खूश असतो किंवा जो फार चिडलेला असतो, तोच मत द्यायला पुढे येतो. ‘ठीकच होते’ असे वाटणारा माणूस आपल्या कामाला लागतो. त्यामुळे प्रश्न जितका सोपा, तितके हे मधले लोकही बोलण्याची शक्यता जास्त. दहा प्रश्नांचा तक्ता भरायला दिला की काय होते, हे आम्ही कॉलेजात दरवर्षी पाहतो. विद्यार्थी पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिचक्या मारतात आणि मोकळे होतात!

सरासरीचा चकवा

समजा, मांडे करून देणारी दोन घरे आहेत. पहिल्या घराला फक्त तीन मते मिळाली आणि तिन्ही पाच ताऱ्यांची. सरासरी 5. दुसऱ्या घराला साठ मते मिळाली, सरासरी 4.5. यादीत वर कोण? सरासरीप्रमाणे पहिले घर. पण त्या तीन मतांत एक जाऊबाईंचे आणि एक शेजारणीचे असेल तर?

यावर एक जुना, सोपा उपाय आहे. प्रत्येकाच्या खात्यावर आधी काही मध्यम मते जमा धरायची. समजा, 3.5 ताऱ्यांची दहा मते. आता पहिल्या घराची बेरीज 15 अधिक 35 म्हणजे 50, मते 13, सरासरी सुमारे 3.8. दुसऱ्या घराची बेरीज 270 अधिक 35 म्हणजे 305, मते 70, सरासरी सुमारे 4.4. साठ घरांचा विश्वास कमावणारे घर वर आले. पहिल्या घरावरही अन्याय नाही, कारण मते वाढतील तशी त्याची खरी किंमत दिसू लागेल. आणि सुरुवातीच्या एका रागीट ताऱ्याने कोणी एकदम बुडतही नाही.

हेही करायचे नसेल, तर निदान ताऱ्यांशेजारी मते किती, ते छापावे. ‘4.5 (60 मते)’ एवढ्यानेही वाचणारा सावध होतो.

पहिल्या मताचे वजन

2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर संशोधकांनी लाखाहून अधिक प्रतिक्रिया घेतल्या. त्यांतल्या काहींना आल्याआल्याच एक अनुकूल मत आपल्याकडून दिले, काहींना एक प्रतिकूल. ज्यांना आधीच एक अनुकूल मत मिळाले, त्यांचे अखेरचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र नंतरच्या लोकांनी बराचसा भरून काढला.

म्हणजे वाईट बोलणाऱ्याला लोक तपासून पाहतात, पण चांगले बोलणाऱ्याच्या मागे सहज जातात. म्हणून पथ्य एकच : स्वतःचे मत दिल्याशिवाय दुसऱ्यांचे तारे दिसू नयेत.

भीड आणि भीती

ई-बे या जुन्या बाजारपेठेत पूर्वी विकणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत. मग ग्राहक घाबरू लागले. मी तक्रार केली तर हा माझ्यावरही ठपका ठेवील! 2008 मध्ये कंपनीने नियम बदलला आणि विकणाऱ्याने ग्राहकाला वाईट शेरा देण्याची सोय बंद केली.

आपल्या गावात तर ही भीती दुप्पट. कार्यालयाचा मालक मामांच्या ओळखीचा, केटरर वहिनींच्या माहेरचा. तेव्हा मत देणाऱ्याचे नाव व्यवस्थापकाला माहीत असावे, म्हणजे एकच माणूस दहा मते देणार नाही. पण ते नाव सर्वांसमोर छापण्याची सक्ती नसावी.

दोन भाषांचे घर

आपल्या घरांत आणखी एक गंमत असते. मराठीत ‘बरं आहे’ म्हणजे नेमके किती तारे? कन्नडमध्ये ‘परवागिल्ल’ म्हणजे किती? दोन्ही शब्द हवा तसा सूर लावून बोलता येतात. मग एकाचे तीन तारे म्हणजे कौतुक आणि दुसऱ्याचे तीन तारे म्हणजे नाराजी! म्हणून नुसते तारे न ठेवता प्रत्येकाखाली दोन्ही भाषांत शब्द लिहावेत. ‘छान’ आणि ‘छलो ऐती’ वाचून आजीलाही कुठे बोट ठेवायचे ते कळते. प्रश्न फक्त इंग्रजीत विचारला, तर घरातले सर्वांत अनुभवी मतच आपण गमावतो.

आणि एक नाजूक गोष्ट. सीमाभागात पाटी कोणत्या भाषेत आहे, यावरून एखाद्या दुकानाला किंवा दवाखान्याला एक तारा देण्याचा मोह कोणालाही, कोणत्याही बाजूने होऊ शकतो. मंडळाने नियमच लिहून ठेवावा : मत कामाबद्दल. मांडा खुसखुशीत होता का? वेळेवर आला का? करणाऱ्याची मायबोली कोणती, हा प्रश्न तिथे नाही. असे शेरे काढायचे असतील, तर ते दोन्ही भाषांतले सारख्याच कसोटीने काढावेत. नाहीतर भांडण थांबण्याऐवजी वाढेल.

मंडळाने काय करावे?

भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. 19000 हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत, हे त्यात आहे. छोट्या मंडळाला पुढील पथ्ये पुरेशी आहेत.

प्रश्न एकच, फार तर दोन विचारा. लिहिण्याची जागा ठेवा, पण सक्ती नको. पाच मते होईपर्यंत सरासरी दाखवू नका. प्रत्येक अभिप्रायावर तारीख हवी, कारण चार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाक्याचे पाप आजच्या स्वयंपाक्याच्या माथी नको. ज्याच्याबद्दल लिहिले, त्याला उत्तर द्यायला जागा द्या. तक्रार आणि मत वेगळे ठेवा : नळ गळतो ही तक्रार आहे, तिला तारे नकोत, प्लंबर हवा.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. ‘तुमच्या सूचनेवरून आम्ही हे बदलले’ असे महिन्यातून एकदा जाहीर करा. ‘अभिप्राय’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. तो विचारून जो गप्प बसतो, त्याला लोक दोन्ही भाषांत पुन्हा मत देत नाहीत.