मद्य, इन्शुलिन आणि उत्तररात्र

महाराष्ट्रात जिला प्रबोधिनी एकादशी म्हणतात, ती दिल्लीकडे देवउठनी या नावाने ओळखली जाते. त्या दिवसापासून राजधानीत लग्नसराई सुरू होते. छतरपूरच्या फार्महाउसांतून, गुरुग्राम व नोएडा येथील सभागृहांतून वराती येतात. ढोलाच्या ठेक्यावर तासन्‌तास नाच चालतो, मद्याचे पेले फिरतात आणि जेवण पुष्कळदा मध्यरात्र जवळ आल्यावरच मिळते. निरोगी पाहुण्याला दुसऱ्या दिवशी फार तर डोकेदुखी होते. परंतु पाहुण्यांत पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेला एखादा तरुण असेल, तर त्याच्या जिवाला खरा धोका समारंभ संपून तो झोपी गेल्यावर उद्भवतो.

हा मधुमेह बहुधा बालपणी किंवा कुमारवयात जडतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले, आणि तेव्हापासून अशी मुले जगू लागली, मोठी होऊ लागली. दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्याने मद्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा घातली. हरियाणाच्या विधानसभेने २०२१ मध्ये तेथील मर्यादा २५ वरून २१ वर आणली. म्हणजे मद्याचा पेला कायद्याने हाती येतो तेव्हा यांपैकी अनेकांचा आजार दहा-पंधरा वर्षांचा जुना असतो. त्याच्याविषयी आपणास सारे ठाऊक आहे असे त्यांना वाटत असते, आणि नेमकी येथेच चूक होते. साखर वाढेल या भीतीने ते गोड पेये टाळतात व पाणी किंवा सोडा घालून व्हिस्की घेतात. मद्याचा मोठा धोका मात्र साखर उतरण्याचा आहे.

दोन जेवणांच्या मधल्या काळात रक्तातील साखर टिकवून धरण्याचे काम यकृताचे. साठवलेले ग्लायकोजेन ते मोकळे करते. तो साठा आटू लागला की इतर द्रव्यांपासून नवे ग्लुकोज घडविते. मद्यार्क शरीरात येताच त्याची विल्हेवाट लावण्यात यकृत गुंतते आणि नवे ग्लुकोज घडविण्याची क्रिया मंदावते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, आणि एवढा मद्यार्क निकालात काढण्यास साधारणपणे एक तास लागतो. दोन मोठे पेग म्हणजे चार तास किंवा अधिक. निरोगी माणसाचे शरीर या काळात स्वतःचे इन्शुलिन आखडते घेते. रुग्णाला तशी सोय नाही. टोचलेले इन्शुलिन परत घेता येत नाही. त्यात नाचामुळे स्नायूंनी ओढून घेतलेली साखर वेगळीच! इंग्लंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात रात्री नऊच्या सुमारास वाइन घेतलेल्या रुग्णांची साखर दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर खाली गेल्याचे आढळले.

याहून घातक गोष्ट सामाजिक आहे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की हात कापतात, घाम फुटतो. आणखी उतरली की जीभ अडखळते, पाय लटपटतात, माणूस असंबद्ध बोलतो किंवा विनाकारण चिडतो. ही सारी लक्षणे नशेचीही आहेत. तोंडाला मद्याचा वास येत असेल तर पाहणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. ‘जास्त झाली, झोपू द्या’ असे म्हणून मित्र सद्भावनेने पांघरूण घालतात, आणि तसे झोपू देणे प्राणावर बेतू शकते. रुग्णालाही स्वतःची अवस्था कळत नाही, कारण मद्याने त्याचे भान मंद झालेले असते.

म्हणून सोबतच्या एकाला तरी आजाराची आधी कल्पना द्यावी, रिकाम्या पोटी पिऊ नये, आणि झोपण्यापूर्वी रक्त तपासावे. शीतपेयात मिसळून मद्य घेतले असता त्या वेळी साखर वाढलेली दिसते. ती पाहून घाईने इन्शुलिनची जादा मात्रा टोचणे हा पहाटेच्या संकटाला दिलेला अवतणाच होय. शुद्धीवर असलेल्याला साखरेचे पाणी पाजावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून ११२ किंवा दिल्लीत १०२ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन हाताशी असेल तर द्यावे, पण त्यावर विसंबू नये, कारण ते यकृतातील साठा मोकळा करून काम करते, आणि रात्रभर पिऊन, उपाशी राहून तो साठा संपलेला असू शकतो.

दुसऱ्या दिवशीही सावध राहावे लागते. उलट्यांमुळे जेवण होत नाही म्हणून काही जण इन्शुलिनच बंद करतात. तसे केल्यास रक्तात कीटोन साचून संकट उलट्या दिशेने येते. मद्यपानानंतर लघवीच्या पट्टीवर कीटोनचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, त्यामुळे उलट्या थांबत नसतील तर पट्टीचा रंग पाहत न बसता रुग्णालय गाठावे.