कातळावरचा हत्ती

रत्नागिरीला मित्राकडे जाणाऱ्याचा बेत बहुधा ठरलेला असतो. मांडवीचा धक्का, भाट्याची पुळण, थिबा राजवाडा आणि एक दिवस गणपतीपुळे. हे सगळं पाहावंच. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि पुढे इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. पण यावेळी मित्र म्हणाला, "अरे, समुद्र कुठे पळून जात नाही. आज सड्यावर जाऊ."

पावस, पूर्णगड मागे टाकून आम्ही कशेळीला पोचलो. कनकादित्याचं देऊळ असलेलं हेच ते राजापूर तालुक्यातलं गाव. वरती सडा, म्हणजे काळसर तांबूस कातळ, मैलोगणती उघडा. झाड नाही, सावली नाही. आणि त्या कातळात कोरलेला एक हत्ती! सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. एवढा मोठा, की जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून नजर फिरवत राहावं लागतं, मग हळूहळू पाठ, सोंड, पाय जुळून येतात. शिवाय त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले! ज्यांनी हे कोरलं त्यांनाही आपलं चित्र जमिनीवरून एका नजरेत कधी दिसलं नसणार. तरी प्रमाण सुटलेलं नाही. याचं मला अजून नवल वाटतं.

हा कातळ म्हणजे जांभा. मूळचा काळा बेसाल्ट. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी लाखो वर्षांत त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तांबूस रंग त्या लोहाचाच. आतून जांभा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तर चिरे कापता येतात आणि त्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पावसाचं पाणी याच सच्छिद्र दगडातून झिरपत पायथ्याच्या विहिरींपर्यंत जातं. सड्याला पडीक म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

सड्यांवरची अशी कातळशिल्पं जगासमोर आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांच्या पायपिटीमुळे. गावोगाव जाऊन, माहीतगार गावकऱ्यांना विचारून त्यांनी शेकडो चित्रं शोधली. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. मासे आहेत, पाकट आहे. काही ठिकाणी चक्क एकशिंगी गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. माझ्या लेखी सगळ्यात मोठा धक्का हाच. न पाहिलेला प्राणी कोण कशाला कोरील? म्हणजे कोरणाऱ्यांनी पाहिलेलं कोकण वेगळं होतं, किंवा ते स्वतः फार लांबून आले होते. काही अभ्यासक यातली काही चित्रं दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. दगडाचं वय काढता येतं, पण दगडावरच्या रेघेचं वय काढणं अवघड, म्हणून काळाबद्दल मतं वेगवेगळी आहेत.

२०२२ मध्ये कशेळी, उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, देवीहसोळ, बारसू, रुंढे तळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ ही नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. यादीत नाव आलं म्हणून दगड सुरक्षित होत नाही. चिरेखाण किंवा रस्ता, एका दिवसात सगळं पुसू शकतो.

जाल तेव्हा सकाळी किंवा उन्हं कलताना जा, तिरप्या प्रकाशात उथळ रेघाही उठून दिसतात. गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या. चित्रावर पाय ठेवू नका, आणि फोटो चांगला यावा म्हणून रेघांत खडू किंवा चुना भरू नका.